चांदीवरची नावे



चांदीचे जुने भांडे मोडीला नेले की सराफ ते तराजूत टाकतो. घडणावळ हिशेबात येत नाही. सराफाला आम्ही दोष देत नाही; चांदी ही आपल्याकडे अडीअडचणीची पुंजीच. पण मुशीत चांदीबरोबर काय वितळते, ते आज पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपले कारागीर इंग्रज गिऱ्हाइकांसाठी चहाच्या किटल्या, साखरदाण्या घडवू लागले. आकार साहेबाचा, नक्षी मात्र आपापल्या प्रांताची. काश्मीरच्या भांड्यांवर शालीची वेलबुट्टी, लखनौच्या भांड्यांवर ताडांच्या झाडीतली शिकार, कलकत्त्यात भवानीपूरला बंगाली खेड्यातले रोजचे जीवन. मद्रासेकडे देवदेवता ठळक उठावात येत. त्याला 'स्वामी' काम म्हणत. पुण्यातही या धर्तीची भांडी होत. ज्या देवांना साहेब मानीत नसे, त्यांच्याच मेळ्यातून त्याच्या पेल्यात चहा पडे!

आमचे मन रमते ते कच्छी कामात. भांडे आतून ठोकून फुगवटा आणायचा, मग पोटात राळ भरून बाहेरून बारीक ठशांनी पान न् पान उठवायचे. राळेचा आधार नसला तर पत्रा चेपतो. बोटभर जागा मोकळी सुटत नाही. किटलीची मूठ पाहावी तर पुष्कळदा नागच. बेळगावात जन्मलेल्या जॉर्ज बर्डवूडने १८८० च्या आपल्या ग्रंथात या कामाचे मूळ डच सांगितले. आम्हांला ते पुरते पटत नाही. तशा वेली कच्छच्या मोची भरतात डोळ्यांपुढे असताना कारागिराने समुद्रापार कशाला पाहावे?

या कामातला मोठा कारागीर भूजचा उमरसी मावजी. त्याच्या भांड्यांच्या बुडाशी रोमन लिपीत 'ओ. एम.' आणि 'भूज' असा छाप सापडतो. असे भाग्य थोड्यांचे. छाप मारण्याची सक्ती तेव्हा नव्हती. मद्रासच्या भांड्यावर पी. ऑर आणि सन्स या पेढीचे नाव दिसते, घडवणाऱ्या हाताचे नाही. कित्येकांवर तर काहीच नाही. अशा भांड्याचा प्रांत नक्षीवरूनच ओळखावा लागतो, आणि नक्षी वितळली की तोही पुरावा गेला.

तेव्हा आपल्या फडताळात असे एखादे भांडे असेल, तर मोडीला नेण्याआधी ते एकदा पालथे करून पाहावे. बूड कोरे निघाले, तर पुन्हा उताणे करून नक्षी पाहावी.