कारखान्यांतील ज्ञानसभा

मोठ्या कंपनींत काम करणाऱ्या तंत्रज्ञांना मधूनमधून कंपनीच्याच अंतर्गत परिषदेचें बोलावणें येतें. तेथें बाहेरचा मनुष्य नसतो. वक्तेहि घरचे आणि श्रोतेहि घरचेच. हातांतलें काम बाजूस ठेवून परक्या खात्याचें व्याख्यान ऐकण्यांत दिवस कां दवडावा, असा प्रश्न पुण्यांतील संगणक-कंपनींतल्या तरुणालाहि पडतो. अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत घडलेली एक हकीकत या प्रश्नाचें उत्तर देते.

तेथें १९०२ सालीं थ्रीएम ही कंपनी स्थापन झाली. सँडपेपर, चिकटपट्ट्या असे नाना जिन्नस ती करूं लागली. धंदा वाढला म्हणजे खातीं वाढतात, आणि खात्यांबरोबर भिंतीहि वाढतात. एका प्रयोगशाळेंत काय शिजत आहे याची शेजारच्या प्रयोगशाळेस वार्ता नसते. हें टाळावें व ज्ञानाची देवघेव व्हावी, म्हणून १९५१ सालीं त्या कंपनींत तंत्रज्ञांची ‘टेक्निकल फोरम’ ही अंतर्गत संस्था सुरू झाली.

पुढें १९६८ सालीं स्पेन्सर सिल्व्हर हे तेथील रसायनशास्त्रज्ञ अत्यंत बळकट चिकटद्रव्याच्या शोधांत होते. हातीं आलें तें नेमकें उलट. त्या द्रव्याचे अतिसूक्ष्म गोल कण होत. ते पृष्ठभागास सर्वांगानें न चिकटतां ठिकठिकाणीं टेकत. म्हणून चिकटविलेली वस्तु सहज सुटे आणि पुन्हां चिकटे. गुण अपूर्व होता, परंतु तो कशाच्या उपयोगी पडावा हें कोणास सांगतां येईना. सिल्व्हर यांनीं तें द्रव्य टाकून दिलें नाहीं. कंपनींतील व्याख्यानांतून ते वर्षानुवर्षें त्याविषयीं सांगत राहिले. न सुटणारें चिकटद्रव्य त्यांना साधलें नाहीं. न सुटणारी चिकाटी मात्र त्यांच्यापाशीं होती.

अशाच एका व्याख्यानास आर्ट फ्राय हे दुसऱ्या खात्यांतील तंत्रज्ञ येऊन बसले. तेथें ऐकलेलें त्यांच्या मनांत राहिलें. फ्राय हे चर्चच्या गायकवृंदांत गात असत. भजनांच्या पुस्तकांत खुणेसाठीं ठेवलेले कागदाचे कपटे ऐन वेळीं गळून पडत. १९७४ सालीं या अडचणीचा विचार करतां करतां त्यांना सिल्व्हर यांचें द्रव्य आठवलें. ज्याचें जळतें त्याला कळतें! खूण जागेवर राहावी, पण काढतांना पान फाटूं नये, अशी त्यांची गरज होती. आणि त्या द्रव्याचा जो दोष गणला गेला होता, तोच येथें गुण ठरला.

मात्र एका कल्पनेनें माल तयार होत नाहीं. द्रव्य कपट्यावरच राहावें, पुस्तकाच्या पानावर उतरूं नये, यासाठीं आणखी सहकाऱ्यांना श्रम करावे लागले. १९७७ सालीं चार शहरांत विक्री करून पाहिली, ती फसली. दुसऱ्या वर्षीं बॉइसी शहरांत नमुने फुकट वाटले, तेव्हां ज्यांनीं ते वापरले त्यांतील बहुतेकांनीं पुन्हां मागणी केली. १९८० सालीं ‘पोस्ट-इट’ या नांवानें ते कागद अमेरिकाभर विक्रीस आले. पहिल्या प्रयोगापासून बारा वर्षें गेलीं होतीं.

या हकीकतींत उत्तर एकापाशीं होतें आणि प्रश्न दुसऱ्यापाशीं. दोघे एकाच कंपनीचे चाकर. तरीहि त्यांची गांठ सभागृहांत पडली नसती, तर तें द्रव्य बाटलींतच राहिलें असतें. म्हणून वक्त्यानें केवळ फत्ते झालेलें कामच नव्हे, तर अडलेलें व अपुरें कामहि मोकळेपणानें सांगावें. श्रोत्यानें स्वतःची अडचण मनांत जागी ठेवून बसावें. नाहीं तर उत्तम व्याख्यानहि पालथ्या घड्यावरील पाणी होय. चहाच्या वेळीं आपल्याच खात्याच्या मंडळींत न रमतां अनोळखी माणसाजवळ जाऊन त्याचें काम विचारावें. आणि वरिष्ठांनीं त्याच संध्याकाळीं परिषदेच्या नफ्यातोट्याचा हिशोब मागूं नये. पुष्कळ व्याख्यानांतून कांहींच निष्पन्न होणार नाहीं. परंतु कोणतें बीं कोणाच्या मनांत रुजेल, हें पेरणीच्या दिवशीं शेतकऱ्यासहि सांगतां येत नाहीं. तरी तो पेरणी चुकवीत नाहीं.