दारातल्या कोंबड्या आणि शंभर मात्रांची कुपी



आम्ही मोहोळ तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या बचत गटाच्या बाया. आज बोलायचं आहे ते दारातल्या कोंबड्यांबद्दल. मोठ्या शेडबद्दल नाही आणि कंपनीच्या हजार पिल्लांच्या कंत्राटाबद्दलही नाही. पाच-सहा कोंबड्या, एक कोंबडा, मागं चिवचिवणारी पिल्लं आणि रात्री झाकायला एक डालगं, एवढाच आपला कारभार.

संक्रांत होऊन गेली. आता शिमगा झाला की सोलापूरचं ऊन कसं तापतं ते तुम्हाला सांगायला नको. ऋतू पालटला की कोंबड्यांची मर येते, हेही तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून हा विषय आज घेतला. चैत्रात घेऊन उपयोग नव्हता.

आधी एक गोष्ट बोलून घेऊ. कोंबडीचा पैसा हा बाईचा पैसा. उसाचं बिल येतं ते घरधन्याच्या खात्यावर, दुधाचा हिशेब डेअरीच्या पुस्तकात. पण अंड्याचे पैसे पिठाच्या डब्यात जातात आणि ते कोणी विचारत नाही. आमच्यातल्या एकीच्या पोरीचा एसटीचा पास दर महिन्याला अंड्यांवर निघतो. दुसरीनं आखाडात दोन कोंबडे विकून सासूचा चष्मा केला. आखाडात गावरान कोंबड्याला किती मागणी असते ते बघा, आणि श्रावण लागला की तोच कोंबडा कोणी विचारत नाही. हे गणित आपल्या बायांना पाठ आहे, त्यासाठी कुठलं शिबिर लागत नाही.

आणि पैशाशिवायही काही असतंच. आमच्या एका आजींची कवड्या रंगाची कोंबडी आहे. अंडी देणं तिनं कधीच सोडलं. पण आजी भाकरी थापायला बसल्या की ती चुलीपुढं येऊन बसते आणि आजी तिला पिठाचा गोळा देतात. ती विकायची नाही, कापायची नाही, असं त्यांनी लेकाला बजावलंय. अशी एक तरी कोंबडी प्रत्येक वस्तीवर असते.

आता मर. कोंबडी आधी पेंगते, पंख लोंबतात. हिरवट-पांढरं पातळ हागते. चोच वासून श्वास घेते, घशात घरघर होते. काहींची मान पिळल्यासारखी वाकडी होते, पाय लुळे पडतात. म्हणून आपल्याकडं ह्याला मानमोडी म्हणतात. डॉक्टर राणीखेत म्हणतात. उत्तराखंडात कुमाऊँच्या डोंगरात राणीखेत नावाचं गाव आहे, त्यावरून हे नाव पडलं. रोग विषाणूचा आहे, त्यामुळं एकदा लागला की औषध नाही. लसूण घाला, हळद घाला, माणसाच्या गोळ्या कुटून घाला, काही होत नाही. आज एका घरी दोन मेल्या तर आठवड्याभरात अख्ख्या वस्तीची डालगी रिकामी होतात.

पण ह्याला लस आहे, आणि ती काही नवी नाही. मोठ्या कोंबडीला टोचायची जी लस आहे तिचं वाण त्याच कुमाऊँ भागातल्या मुक्तेश्वरच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालं, त्याला आता पंच्याहत्तर वर्षांहून जास्त काळ झाला. आपल्या राज्यात पुण्याला औंधमध्ये जनावरांच्या लसी बनवणारी सरकारी संस्था आहे. मग दारातली कोंबडी लसीवाचून का मरते?

आम्ही ह्यावर गटाच्या बैठकीत बरंच बोललो. कोणी म्हणालं, बायांना माहिती नाही. कोणी म्हणालं, दवाखाना लांब आहे. दोन्ही थोडं थोडं खरं आहे. पण खरी अडचण कुपीत आहे. लशीची लहानातली लहान कुपी साधारण शंभर मात्रांची येते. एका घरात कोंबड्या आठ. कुपी एकदा पाण्यात कालवली की दोन तासांत संपवावी लागते, नंतर ती लस राहत नाही, नुसतं पाणी राहतं. आता आठ कोंबड्यांसाठी कोण तालुक्याला जाऊन बर्फात कुपी आणणार आणि ब्याण्णव मात्रा ओतून देणार? शेडवाल्याला ही अडचण नाही, त्याच्याकडं एका छपराखाली हजार पक्षी असतात. आपल्या कोंबड्याही कमी नाहीत, पण त्या बारा दारांत वाटलेल्या आहेत.

म्हणून ही कुपी एका घरानं आणायची वस्तूच नाही, ती गल्लीनं आणायची वस्तू आहे. आमच्या वस्तीवर आम्ही बारा घरांत फिरून कोंबड्या मोजल्या. पिल्लं धरून नव्वदच्या वर भरल्या. म्हणजे एक कुपी झाली. गटातून पैसे काढले आणि कोंबडीमागं वाटून घेतले. एका कोंबडीला आलेला खर्च एका अंड्याच्या किमतीपेक्षा कमी होता.

दिवस कसा पार पाडायचा ते सविस्तर सांगतो, कारण काम इथंच बिघडतं.

आदल्या आठवड्यात जंताचं औषध पाण्यातून द्यायचं. जंतानं पोखरलेल्या कोंबडीला लस नीट लागू पडत नाही. लशीच्या दिवशी सकाळी कोणीही खुराडं उघडायचं नाही. हे फार महत्त्वाचं. एकदा का कोंबड्या उकिरड्यावर गेल्या की दिवसभर धावा त्यांच्यामागं. कुपी दवाखान्यापासूनच बर्फाच्या थर्मासात यायला हवी, पदराच्या गाठीत नाही. लस कालवायची ती सावलीत आणि तिच्याबरोबर मिळणाऱ्या पाण्यातच, हापशाच्या पाण्यात नाही. एकीनं कोंबडी धरायची, मान आडवी करायची. दुसरीनं ड्रॉपर उभा धरून डोळ्यात एक थेंब सोडायचा. कोंबडीनं डोळा मिटून उघडला की थेंब आत गेला, मगच सोडायची. घाईनं सोडली तर ती मान झटकते आणि थेंब आपल्या लुगड्यावर. ज्या कोंबडीला झालं तिच्या पाठीवर ओल्या कुंकवाचा ठिपका लावायचा. आम्ही कोवळ्या उन्हात सुरू केलं आणि दीड तासात बारा घरं उरकली. काम झाल्यावर हात साबणानं धुवायचे, तोवर डोळ्याला हात लावायचा नाही. ही जिवंत लस असते, आपल्या डोळ्यात गेली तर डोळा लाल होऊन चुरचुरतो. रिकामी कुपी उकळून पुरायची, पोरांच्या हातात द्यायची नाही.

ही झाली लासोटा नावाची लस. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की डोळ्यात एक थेंब. महिन्याचं होताना परत एकदा. सहाव्या-सातव्या आठवड्याला देवीची लस पंखाच्या पडद्यात, कारण देवी डासांमुळं पसरते आणि आपल्या मोऱ्यांजवळ डासांना काय तोटा? मग आठव्या ते दहाव्या आठवड्याला राणीखेतचीच टोचायची लस. ती जोरकस असते, म्हणून लहान पिल्लाला ती द्यायची नाही. मोठ्या कोंबडीला आधी कधीच लस झाली नसेल तर पहिल्यांदा लासोटा आणि त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी ही. पुढं दर सहा महिन्यांनी. टोचण्याचं काम पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसाकडून किंवा शिकलेल्या पशुसखीकडून करून घ्या. उमेद अभियानात पशुसखी आहेत, तुमच्या प्रभाग संघात विचारा.

आता शंका. आमच्याकडंही निघाल्या, तुमच्याकडंही निघतील. पहिली शंका अशी की, लस टोचली आणि दुसऱ्याच दिवशी कोंबडी मेली. असं होतं, खोटं कशाला बोला. पण ती कोंबडी बहुतेक आधीच रोग घेऊन बसलेली असते. रोग अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत काही दिवस जातात आणि लशीचं बळ यायला दहा-पंधरा दिवस लागतात. शेजारी मर सुरू झाल्यावर लशीसाठी धावलं तर असंच होणार. म्हणूनच शिमग्याच्या आत उरकायचं. आजारी दिसणाऱ्या कोंबडीला लस द्यायचीच नाही. दुसरी शंका, अंडी कमी होतात. टोचायच्या लशीनंतर काही दिवस कमी होऊ शकतात, पुन्हा सुरू होतात. तिसरी शंका एका मामींनी काढली, त्यांच्या कोंबड्या कुठं जातच नाहीत, मग लस कशाला? मामींच्या कोंबड्या दारातून हलत नसतीलही, पण मामी बाजाराला जातात. मानमोडी चपलेबरोबर येते, अंड्याच्या ट्रेबरोबर येते, पाहुण्यांनी आणलेल्या कोंबड्याबरोबर येते. मामींनी चौथ्या दिवशी निरोप धाडला, माझ्याही सात धरा.

ही कल्पना आपल्याच डोक्यातून निघाली असं मात्र नाही. आफ्रिकेत मोझांबिक, टांझानिया ह्या देशांतल्या खेड्यांतही घरोघरी आपल्यासारख्याच मोकळ्या कोंबड्या असतात आणि हाच रोग असतो. तिथं गावातल्याच माणसांना, त्यात बायाच पुष्कळ, डोळ्यात थेंब टाकायला शिकवलं. दर चार महिन्यांनी ठरलेल्या महिन्यात अख्ख्या गावाचं एकदम लसीकरण करतात. त्यांच्याकडची लस गरमी थोडी जास्त सोसते. आपली लासोटा तशी नाजूक नाही म्हणून चालत नाही, तिला बर्फ हवाच. पण ‘सगळ्यांची एकाच दिवशी’ ही रीत घेण्यासारखी आहे.

लस झाली तरी बाजारावर लक्ष ठेवा. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारातून असो की मामाच्या गावाहून, नवी कोंबडी आणली की पंधरा दिवस वेगळ्या डालग्यात, वेगळ्या पाण्यावर ठेवायची. पेंगणारी कोंबडी स्वस्तात विकून टाकायची नाही. आपले शंभर-दोनशे वाचतात आणि दुसऱ्या गावची डालगी रिकामी होतात. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकायची नाही, कुत्री ती गावभर नेतात. खोल खड्डा करून वर चुना टाकून पुरायची.

एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर मात्र घरात गप्प बसू नका, दवाखान्याला कळवा. बर्ड फ्लू आपल्या राज्यात २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला आला होता, २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला आला. तो आणि मानमोडी नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत, नमुना तपासावा लागतो. अशा वेळी हातानं पिसं काढायला बसू नका आणि पोरांना लांब ठेवा.

राहिलं ऊन. आपल्याकडं वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. कोंबडीला घाम येत नाही, ती तोंड वासून धापते. पत्र्याच्या खुराड्यात दुपारी कोंबडी कोंडू नका. कडुनिंबाखाली मातीच्या परळात पाणी ठेवा, दोनदा बदला, आणि खुराड्यावर ओलं पोतं टाका. दाणा सकाळी आणि तिन्हीसांजेला, भर दुपारी नको. उघड्या मानेची कोंबडी तुमच्याकडं असेल तर ती जपा, दिसायला बरी नसली तरी पिसं कमी असल्यानं ती ऊन चांगलं सोसते. वनराजा, गिरिराजा ही सुधारित पिल्लं घ्यायची का, असं खूप जणी विचारतात. ती वाढतात लवकर आणि अंडीही गावरानपेक्षा जास्त देतात. पण खुडूक होऊन अंड्यावर बसायचं काम आपली गावरानच करते, आणि घार दिसली की पिल्लांना हाक मारून पंखाखाली घेणारीही तीच. आम्ही दोन्ही ठेवतो. सुधारितची अंडी गावरानच्या पोटाखाली घालतो.

खाण्याला ज्वारीची कणी, तुरीची चुणी, शेवग्याचा पाला आपल्या घरचंच आहे. बुरशी धरलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड कोंबडीला चालते, हा समज काढून टाका, त्या बुरशीचं विष तिचं काळीज खातं. अंड्याची टरफलं भाजून, बारीक कुटून द्या, कवच घट्ट होतं. कुटल्याशिवाय देऊ नका, नाहीतर तिला अंडं फोडायची चटक लागते.

तर ह्या आठवड्यात एवढं करा. गटाच्या बैठकीत वहीत एक पान घ्या आणि घराच्या नावापुढं कोंबड्या किती, पिल्लं किती ते लिहा. गटात नसलेलं घरही धरा, रोगाला गट कळत नाही. बेरीज शंभराच्या आसपास गेली की दवाखान्यात जाऊन कुपी कधी मिळेल ते विचारा आणि बाजाराचा दिवस टाळून तारीख ठरवा. बर्फ कोण आणणार हे नावानिशी लिहून ठेवा, आमच्याकडं शेवटपर्यंत तेच राहिलं होतं आणि मग रसवंतीवाल्याकडून आणला.

पुढच्या वेळी खुडूक कोंबडी अंड्यावर कशी बसवायची, सातव्या दिवशी विजेरीवर अंडं कसं बघायचं आणि मुंगसापासून पिल्लं कशी राखायची ते आमच्यातल्या आजी सांगणार आहेत. त्या माइकसमोर बोलायला तयार झाल्यात, पण कवडीला बरोबर आणणार म्हणतात.