क्लच गेला, आता गॅरेज कोणतं?

चढावर इंजिन जोरात घुमतं, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही. अशा वेळी बहुधा क्लच प्लेट झिजलेली असते. ती बदलण्याचं काम महाग पडण्यात मजुरीचा वाटा मोठा, कारण गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. म्हणूनच प्लेटबरोबर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदला, असं मेकॅनिक म्हणाला, तर तो लुबाडतोय असं लगेच समजू नका. जुनं बेअरिंग पुढे वाजायला लागलं, की तीच मजुरी पुन्हा भरावी लागते.

मग विश्वास ठेवायचा कुणावर? माझ्या मते, जो आधी स्वतः गाडी चालवून पाहतो, सुट्या भागांचा आणि मजुरीचा अंदाज वेगवेगळा लिहून देतो आणि काम वाढलं तर हात लावण्याआधी फोन करतो, त्याच्यावर. काढलेले भाग मागून घ्या. झिजलेल्या प्लेटचं अस्तर रिव्हेटपर्यंत घासलेलं डोळ्यांना दिसतं. चांगला कारागीर ते आपणहून दाखवतो.

आणि पक्कं बिल घ्याच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लिहून घ्या: १९१५.