मोटार का जळते?

(वरठी येथील बैठकीतील भाषण)



मोटारीच्या वायंडिंगला मीटर लावून पाहा, रोध अवघा काही ओहम दिसतो. त्या हिशेबाने भसाभस वीज जायला पाहिजे. पण ५ एचपीची मोटार चालते ८ अँपिअरच्या आसपास. मग बाकीची अडवतो कोण?

आपली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे हेलकावते. वायंडिंगमधले चुंबकत्व या हेलकाव्याला विरोध करते. रोध आणि हा विरोध मिळून जो अडथळा, तो इंपीडन्स. बेरीज मात्र सरळ नाही. ३ आणि ४ ओहमचे ७ नव्हे, ५ होतात. गवंडी काटकोन तपासतो तसे.

मोटार थांबलेली असताना हा अडथळा सर्वांत कमी, म्हणून सुरू होताना ती पाच-सहा पट प्रवाह ओढते. व्होल्टेज पडले की उठत नाही, नुसती गुणगुणते आणि जळते. नेमके धान लोंबीवर येते तेव्हा!

डीपीपासून विहिरीपर्यंतच्या तारेलाही इंपीडन्स आहे. प्रवाह जितका जास्त, तितके व्होल्टेज वाटेतच मरते. इथल्या भंडारा रोड स्टेशनावर रेल्वेच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात ते याचसाठी : दाब जास्त, प्रवाह कमी.

आपल्या हाती कपॅसिटर आहे. त्याचा विरोध वायंडिंगच्या उलट. ५ एचपीला २ केव्हीएआरचा बसवला की तारेतले ८ अँपिअर पावणेसातवर येतात. मीटरचे युनिट त्याने फारसे घटत नाहीत. दुकानदार काहीही सांगो. एकट्याने बसवून थोडेच पदरात पडते. डीपीवरच्या सगळ्यांनी बसवले तर शेवटच्या विहिरीलाही दाब मिळेल. जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करा. लाइन गेल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.