पहिलं औषध पाणी

भाजलेल्या माणसाचं पहिलं औषध पाणी. साधं, गार, वाहतं, २० मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, हळद-तूप तर नकोच. आग विझली तरी कातडीत ताप राहतो, खालचे थर भाजतच राहतात. पाणी तो ताप ओढून घेतं. ३ तासांच्या आत ओतलं तरी उपयोग होतो. बांगड्या-अंगठ्या लगेच काढा, सूज चढली की कापाव्या लागतात.

हे पोस्टरवर छापणं सोपं आहे. आपल्या वस्तीत सलग २० मिनिटं नळ कुणाला मिळतो? एका हंड्यावरून डोकी फुटतात. १९२७ साली बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचं पाणी प्याले. २०१४ साली मुंबई हायकोर्टाला सांगावं लागलं, की बेकायदा ठरवलेल्या झोपड्यांनाही पाणी द्या. ८७ वर्षं! नळाची लढाई ही दवाखान्याचीच लढाई आहे. तोवर घरात एक बादली झाकून राखा, तांब्यानं बारीक धार धरा. पाणी संपलं तर ओला स्वच्छ फडका, वरचेवर बदलत.

मुंबईच्या वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानींनी भाजलेल्या पोरांच्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी बांधली. १९८५ साली ते छापून आलं. जखम ओलसर राहते, पट्टी चिकटत नाही, सोडताना पोर किंचाळत नाही. पैशाचं काम नव्हतं, डोक्याचं होतं. मात्र साल जंतू मारत नाही. ती निर्जंतुक करून दवाखान्यातच बांधायची, चुलीपाशी नाही.

चेहरा, हात, सांधा भाजला, की थेट दवाखाना. डॉक्टरांना सांगा, पाणी किती मिनिटं ओतलं.