वखारीत उतरलेली कला
(तंजावर येथे दिलेले व्याख्यान)



तंजावरात कलेविषयी बोलू लागले की बृहदीश्वराचे मंदिर, राजवाडा आणि सरस्वती महाल यांचे स्मरण प्रथम होते. मी मात्र आज वखार, गोदी आणि गिरणी यांविषयी बोलणार आहे. जेथील मालाची चढउतार थांबली किंवा यंत्रे बंद पडली, अशा जागांत कलामहोत्सव भरविण्याची रीत जगात रूढ झाली असून ती आपल्या देशातही आली आहे. अशा जागेत कला येते तेव्हा तेथे पूर्वी राबलेल्या माणसांचे काय होते, एवढाच माझा प्रश्न आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण येथून फार दूर नाही. घाट ओलांडला की कोची लागते. तेथे समुद्रकाठी अ‍ॅस्पिनवॉल हाउस नावाचे विस्तीर्ण आवार आहे. जॉन अ‍ॅस्पिनवॉल या इंग्रज व्यापाऱ्याने १८६७ साली स्थापन केलेल्या पेढीची ही वास्तू. खोबरेल तेल, मिरी, आले, हळद आणि पुढे काथ्या, चहा, कॉफी यांचा व्यापार या पेढीने केला. १२ डिसेंबर २०१२ रोजी कोची-मुझिरिस बिएनाले हा द्विवार्षिक कलामहोत्सव सुरू झाला, तेव्हा त्याचे मुख्य ठाणे याच आवारात पडले. त्याचे प्रवर्तक बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू हे दोघेही केरळचे, पण मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले. पुढील दोन महोत्सवांचे संयोजनही जितिश कल्लाट आणि सुदर्शन शेट्टी या मुंबईकर कलावंतांनी केले.

मी भाषांतराच्या व्यवसायातली आहे, म्हणून या घटनेकडे त्याच दृष्टीने पाहते. जुनी वास्तू हा मूळ ग्रंथ मानला, तर महोत्सव हे त्याचे भाषांतर होय. भाषांतर नव्या भाषेत सहज वावरले पाहिजे, हे खरे. परंतु मूळ ग्रंथकाराचा आवाजच त्यात ऐकू येईनासा झाला, तर ते भाषांतर उरत नाही, अपहार ठरतो. वखारीच्या भिंती राखल्या आणि त्यांत राबलेल्यांचे स्मरण पुसले, तर तोच दोष घडतो.

पहिल्या महोत्सवातील विवान सुंदरम यांची कलाकृती या कसोटीला उतरते. प्राचीन मुझिरिस बंदराशी ज्याचे नाते जोडले जाते, त्या पट्टणम येथील उत्खननात निघालेल्या मातीच्या भांड्यांच्या खापऱ्या त्यांनी जमिनीवर मांडून एक कल्पित नगर उभे केले. मिरीचे दाणेही त्यात होते. ज्या मिरीसाठी दूरदेशीची जहाजे येत आणि जी पुढे अशाच वखारींतून परदेशी गेली, तीच तेथे कलेचे द्रव्य झाली. जागेचा पूर्वीचा धंदा आणि नवी कला यांत तेथे परकेपणा उरला नाही.

मुंबईत मात्र दोन निरनिराळी चित्रे दिसतात. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. अनेक आवारांत दुकाने, कचेऱ्या आणि उपाहारगृहे आली. काही ठिकाणी धुराडे तेवढे शोभेला राहिले. गिरणगावाला कला बाहेरून आणावी लागली नव्हती, हे येथे विसरता कामा नये. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरी, चाळीतली भजनी मंडळे, परळच्या दामोदर नाट्यगृहातले कामगारांचे प्रयोग, हे सारे त्याच वस्तीत फुलले होते. यंत्रांबरोबर या कलेचा आसराही गेला.

दुसरे चित्र ससून गोदीचे. कापसाच्या व्यापाराच्या काळात, १८७५ साली, ही गोदी खुली झाली. पुढे ती मासळीचे मोठे बंदर बनली आणि आजही आहे. २०१७ साली तेथील जुन्या गोदामात कलाप्रदर्शन भरले. बंदरावरच्या स्त्रीपुरुषांच्या चेहऱ्यांची भव्य छायाचित्रे भिंतींवर लागली. प्रेक्षकाला मासळीचा वास आणि टोपल्यांची वर्दळ ओलांडूनच आत जावे लागे. श्रम तेथे भूतकाळात जमा झाले नव्हते. ते दाराशी उभे होते.

आता या नगरीकडे वळते. सरफोजीराजांनी, म्हणजे दुसऱ्या सरफोजींनी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरास देवनागरी मुद्रणालय स्थापले. मुंबईत मराठी छपाई स्थिरावण्यापूर्वीच येथे इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने छापले गेले. आमच्या व्यवसायाचा एक मूळपुरुष असा याच मातीत सापडतो. सरफोजीराजांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण उलटी अक्षरे घडविणारे, शाई लावणारे, दाब देणारे हात आपल्या स्मरणात कितीसे आहेत? राजवाड्याच्या दालनांत १९५१ पासून कलासंग्रहालय आहे आणि चोळकालीन कांस्यमूर्ती पाहण्यास लोक येतात. मूर्ती ओतणाऱ्यांचा विचार मनात आणला, तर तेच दर्शन अधिक अर्थपूर्ण होईल.

म्हणून महोत्सव भरविणाऱ्यांना माझे सांगणे थोडके आहे. जागेची ओळख करून देणारा फलक स्थानिक भाषेत असावा. तेथे काम केलेली माणसे हयात असतील, तर त्यांना प्रेक्षक म्हणून न बोलावता वक्ते म्हणून बोलवावे. त्यांच्या हत्यारांची नावे त्यांच्याच तोंडची लिहून घ्यावीत, कारण हत्यार गेले की शब्दही जातो, आणि गेलेला शब्द कोणत्याही भाषांतरकाराला परत आणता येत नाही. एवढे झाले, तर कला त्या जागेत उपरी राहणार नाही, घरची होईल.