ग्वाल्हेर की झाशी? : एका घराचा हिशेब

(पडाव येथे झालेल्या समाजाच्या स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर, सभासदांच्या आग्रहावरून.)



सचिवांनी मला विषय दिला, 'दोन शेजारची शहरे : स्वभाव आणि राहणीखर्च'. मी विचारले, कोणती दोन? ते म्हणाले, तुमची तुम्ही ठरवा. मला ठरवायची गरजच पडली नाही. गेले वर्षभर आमच्या घरी दुसरा विषय नाही. थोरला मुलगा झाशीला रेल्वेत आहे. त्याचे म्हणणे, "बाबा, लष्करातला वाडा काढून टाका आणि झाशीला माझ्या शेजारी फ्लॅट घ्या. निम्म्या खर्चात राहाल." त्यातून आमच्या सौभाग्यवती माहेरच्या झाशीच्या. म्हणजे घरात मतदान घेतले तर दोन विरुद्ध एक, आणि माझी अनामत जप्त. माझा जन्म हिशेबाच्या खात्यात गेला. मी म्हटले, आधी हिशेब, मग मतदान.

योगायोग असा की हिचे दोन्ही गुडघे बदलावे लागले. उजवा तीन वर्षांपूर्वी ग्वाल्हेरला, डावा गेल्या वर्षी झाशीला. डाव्याच्या वेळी आम्ही तीन महिने झाशीला राहिलो आणि मी रोज वही लिहिली. तिच्यातलेच थोडे आज वाचतो. भाषण म्हणून तयार केलेले नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. मध्ये दतिया. वंदे भारतने जा नाहीतर साध्या गाडीने, सकाळी गेलेला माणूस कामे उरकून संध्याकाळी घरी येतो. २०११ च्या जनगणनेत ग्वाल्हेर साडेदहा लाखांचे आणि झाशी पाच लाखांच्या थोडी वर, म्हणजे आपल्या निम्मी. उन्हाळा दोन्हीकडे सारखाच निर्दय. पण मध्ये राज्याची सीमा आहे, आणि खर्चातला अर्धा फरक त्या सीमेने केलेला आहे.

पेट्रोलचेच घ्या. मध्य प्रदेशातला कर जास्त, म्हणून गेली काही वर्षे आपल्याकडे लिटरमागे दहा-बारा रुपये जास्त पडतात. दतियाकडची मंडळी झाशीत शिरली की आधी टाकी भरतात, मग नातेवाइकांकडे जातात. घर खरेदीचेही तसेच. आपल्याकडे शहरात मुद्रांक आणि नोंदणी मिळून साधारण साडेबारा टक्क्यांपर्यंत जाते, तिकडे आठच्या आसपास. पन्नास लाखांच्या घरावर सव्वादोन लाखांचा फरक झाला. उलट विजेत आपण सुखी. इथे महिन्याला दीडशे युनिटच्या आत राहिलात तर पहिल्या शंभर युनिटना शंभर रुपये. आम्ही दोघेच, थंडीच्या महिन्यांत त्यात बसतो. आणि गाडी घ्यायची तर ग्वाल्हेरच्या मेळ्यात. १९०५ पासूनचा आपला मेळा, आणि २०२४ व २०२५ मध्ये तिथल्या वाहनखरेदीवर सरकारने करात निम्मी सूट दिली होती. झाशीचे व्याही त्यासाठी जानेवारीत आमच्याकडे मुक्कामाला होते. तो खर्च मी वहीत वेगळा मांडला आहे.

भाजी झाशीला स्वस्त, हे मान्य. बरुआसागरचे आले तर असे की इथे आल्यावर बाजारातले हातात धरवत नाही. दूध, गहू, डाळ, गॅस यांत सांगण्याजोगा फरक नाही. पाण्याचे रडगाणे दोन्हीकडे. आपण तिघरा धरणाच्या तोंडाकडे बघत बसायचे, त्यांनी बेतवेवरच्या माताटीलाकडे.

भाडे मात्र झाशीत खरोखर कमी, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. झाशी हे बदलीवर येणाऱ्यांचे गाव. रेल्वेचे मोठे जंक्शन, कारखाना, छावणी, १९७० च्या दशकात आलेला भेलचा कारखाना. माणूस तीन वर्षांसाठी येतो, दोन खोल्या घेतो, जातो. त्यामुळे खोल्याही तशाच बांधल्या जातात, खाणावळीही तशाच चालतात, आणि घरमालक विचारतो फक्त एवढेच, "नौकरी कहाँ है?" आपल्याकडे काय विचारतात? "कुणाचे तुम्ही? कुठल्या गोठीतले?" चिटणीसांच्या गोठीतले, की आपट्यांच्या पायगेकडचे, की शिंद्यांच्या छावणीतले. आडनाव सांगितले की पुढचा माणूस तुमच्या आजोबांचा दरबारातला हुद्दा सांगतो, आणि तो बहुधा खऱ्यापेक्षा एक पायरी वरचा असतो. आपणही दुरुस्त करत नाही.

आता या विचारपूस करण्याची किंमत असते. माझ्या वहीत 'मान' असे एक खाते आहे. लग्नाचे आहेर, मुंजी, गणपतीची वर्गणी, वाड्याच्या दिंडीदरवाजाचे रंगकाम, पावसाळ्याआधी छपराची डागडुजी. पुढच्या दोन खोल्यांत जुने भाडेकरू आहेत. ते जे भाडे देतात त्यात नळाची तोटी बसत नाही. पण त्यांच्याशी भांडायचे नाही, कारण त्यांच्या वडिलांनी आमच्या वडिलांना खांदा दिला होता. वर्षाची बेरीज केली तेव्हा या 'मान' खात्यावर किराण्यापेक्षा जास्त पैसे गेलेले निघाले. झाशीच्या तीन महिन्यांत त्या खात्यावर शून्य. मुलगा म्हणतो ते इथपर्यंत बरोबर आहे.

पण गुडघे दोन होते, हे विसरू नका. उजव्याच्या वेळी, इथे, बावीस दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही. कोण डबा आणणार याची यादी शेजारच्या वहिनींनी परस्पर करून दारामागे लावली होती. रात्री सोबतीला भाचा, मालिश करायला ओळखीची बाई, आणि वेळ घालवायला समोरच्या आत्या. डाव्याच्या वेळी, झाशीला, मुलगा-सून कामावर, शेजारी भले पण अनोळखी. दिवसाची बाई ठेवली, डबा लावला, फिजिओथेरपीसाठी रिक्षा बांधली. त्या तीन महिन्यांचा खर्च आणि इथला वर्षाचा 'मान' यांत फार अंतर उरले नाही. मुलाला दाखवले. तो म्हणाला, "बाबा, आईला गुडघे दोनच आहेत." हेही खरेच.

आता थोडे मागे जातो, कारण या दोन गावांचा स्वभाव इतिहासानेच वेगळा केला. इथे समोर बसलेल्यांना मी काय इतिहास सांगणार, पण तरुण मंडळी आहेत म्हणून सांगतो. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याखाली तळ दिला, त्याचेच लष्कर झाले. छावणी ती. आणि आज आपण बसलो आहोत ते पडाव, म्हणजे हिंदीत मुक्काम. (कोकणातल्या माणसाला पडाव म्हटले की शिडाची होडी आठवेल.) नावाने छावणी, नावाने मुक्काम, आणि राहतो आहोत दोनशे वर्षे!

झाशी आपल्यापेक्षाही जुनी. छत्रसालांनी बाजीरावांना दिलेल्या मुलुखातून ती मराठ्यांकडे आली. १७४२ पासून नारो शंकरांनी तिथे वस्ती वाढवली, पुढे नेवाळकर आले. गंगाधररावांच्या काळी तिथे नाटकशाळा होती. वरसईचे विष्णुभट गोडसे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून घरून निघाले आणि १८५८ च्या वेढ्यात नेमके झाशीत अडकले. त्यांचे 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापून आले. ज्यांच्या घरी आहे त्यांनी झाशीची प्रकरणे पुन्हा काढून वाचावीत. एप्रिल १८५८ मध्ये शहर पडले, कत्तल झाली, घरे लुटली गेली. तिथली मराठी वस्ती पुन्हा पूर्वीसारखी उभी राहिली नाही. दत्तकपुत्र दामोदरराव शेवटी इंदूरला राहिले आणि १९०६ मध्ये तिथेच वारले. झाशी सोडून राणीसाहेब जिथे पडल्या, ती जागा तर इथून चालत जाण्यासारखी आहे. फुलबागेसमोरची समाधी आपण रोज रिक्षातून बघतो. त्या जूनमध्ये कोणी काय केले आणि काय करायला हवे होते, हा विषय आज नको. मागच्या मेळाव्यात त्यावरून चहा गार झाला होता.

मला सांगायची ती गोष्ट त्यानंतरची आहे, आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते. १८५७-५८ नंतर ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरार इंग्रजांनी आपल्या हातात ठेवले. झाशी शहर आणि किल्ला १८६१ मध्ये शिंद्यांना दिला. म्हणजे पंचवीस वर्षे झाशी ग्वाल्हेर दरबारची होती. आणि १८८६ मध्ये अदलाबदल झाली : झाशी इंग्रजांना परत, किल्ला आणि मुरार जयाजीरावांना परत. दोन गावे वाण्याच्या दुकानातल्या मापांसारखी बदलली गेली. तिथल्या मराठी घरांना कोणी विचारले नाही. त्यानंतर आपल्याकडे दरबार राहिला, नोकऱ्या राहिल्या, १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय निघाले, घरात आणि कचेरीत मराठी बोलणारा वरिष्ठ राहिला. तिकडे रेल्वे आली, छावणी आली, आणि मराठी माणूस आपल्याच जुन्या गावात भाडेकरूसारखा झाला.

मी महाराष्ट्र गणेश मंदिरात गेलो होतो. राणीसाहेबांचे लग्न लागले ते देऊळ. तिथे एक गृहस्थ भेटले. आडनाव अस्सल देशस्थी, वय माझ्याएवढे. मी मराठीत बोललो, ते हसून हिंदीत म्हणाले, "समझ लेते हैं, बोल नहीं पाते।" आजी बोलायची, म्हणाले. त्यांना कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. संविधान सभेत १९४६ च्या डिसेंबरात, ज्यांना हिंदुस्थानी येत नाही त्यांना या देशात राहण्याचा हक्क नाही, असे सुनावणारे सभासद कोण होते? झाशीचे रघुनाथ विनायक धुळेकर. मराठी घरातले, स्वातंत्र्यसैनिक, पुढे १९५२ च्या पहिल्या लोकसभेत झाशीचे खासदार. माणूस मोठा होता, त्याग मोठा होता. पण त्या घरांमधून भाषा का गेली, हे मला त्या एका वाक्यावरून थोडे कळते. जिथे आपण थोडे असतो तिथे आपण इतरांपेक्षा जास्त हिंदी होऊन दाखवतो.

आणि आपण? दरबार गेला, १९५६ मध्ये राजधानी भोपाळला गेली, जे. सी. मिल नव्वदच्या दशकात बंद पडली. उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि महालेखाकार कार्यालय राहिले म्हणून आमच्यासारख्यांची घरे चालली. नारायण कृष्ण शेजवलकर १९७७ मध्ये इथून लोकसभेत गेले, त्यांचे चिरंजीव २०१९ मध्ये गेले, म्हणून आपल्याला वाटते आपले वजन आहे. पण नातवंडांचे काय? आमचा नातू म्हणतो, "आजोबा, मी येऊन राहिलोय." चालेल, ते आपले इकडचे मराठी आहे, पुण्याच्या लोकांनी हसू नये. पण त्याची धाकटी बहीण तेवढेही म्हणत नाही.

म्हणून माझ्या हिशेबातली एक ओळ मंडळापुढे ठेवतो. येणाऱ्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक येईल, मातृभाषा विचारेल, आणि आपण सांगू तीच त्याने लिहायची असते. आपण काय करतो? तो आडनाव नीट न ऐकता, हिंदीत विचारतो म्हणून आपण हिंदीत उत्तर देतो, आणि तो हिंदी लिहून मोकळा होतो. दारात सूनबाई असली तर संकोचाने तेच. संविधानाच्या ३५०-क कलमात अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे म्हटले आहे. पण त्यासाठी आधी ती मुले कागदावर मराठी असावी लागतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात भाषा झाली तेव्हा आपण पेढे वाटले. ते पेढे खाणाऱ्यांपैकी २०११ मध्ये किती जणांनी मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहवले होते, हे हात वर करून मी विचारणार नाही. माझ्या स्वतःच्या घरी काय लिहिले गेले हे मला माहीत नाही. मी कचेरीत होतो.

दुसरे. वाडे विकले जात आहेत, ते थांबवा असे मी म्हणणार नाही. ज्याचे छप्पर गळते त्याला बाहेरून उपदेश करू नये. पण विकण्याआधी एकदा मंडळाच्या कानावर घाला. पुढच्या दोन खोल्या तरी लग्नाच्या बोलणीला, मुलांच्या शिकवणीला, एखाद्या एकट्या राहणाऱ्या काकूंना भाड्याने देता येतात का, हे पाहू. बाहेरून शिकायला आलेली मराठी मुले खोल्या शोधत हिंडतात, आणि आपल्या माड्यांना कुलुपे असतात. झाशीकडून शिकायचे असेल तर हे शिकावे : रास्त भाडे सांगावे, लेखी करार करावा, आणि आजोबांचा हुद्दा मध्ये आणू नये.

आता तुम्ही विचाराल, मग तुमचे काय ठरले? वाडा अजून विकलेला नाही. झाशीच्या फ्लॅटचे विसारही दिलेले नाही. डावा गुडघा बरा आहे. हिचे म्हणणे असे की थंडीत इथे राहावे, वीज स्वस्त पडते, मेळाही असतो, आणि उन्हाळ्यात सुनेच्या वातानुकूलित खोलीत झाशीला. यात पेट्रोलचा मुद्दा कुठे बसतो हे मी तिला विचारले, तर म्हणाली, "आपण गाडीने कशाला, रेल्वेने जाऊ." मुलगा रविवारी येतो आहे, त्याच्यापुढे वही ठेवणार आहे. 'मान' या खात्याची पाने मी फाडून ठेवली होती. हिने ती परत चिकटवली आहेत.